बांबू गवत की झाड? सुशासन समजून घेऊ मेंढा गावाकडून

हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बसमध्ये रेंज गेली, हेडफोन घरी राहिला, किंवा ऐकण्यापेक्षा वाचलेलं जास्त लक्षात राहतं, अशा सगळ्यांसाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'काय आहे ना' थोडे कमी केलेत.

आजचा विषय: सुशासन आणि शाश्वत विकास. थांबा, लगेच पान बंद करू नका. मला माहितीये, हे दोन शब्द ऐकले की एमपीएससीचा पेपर आठवतो, नाहीतर मंत्र्यांचं भाषण. एका श्रोत्याने तर स्पष्टच लिहिलं होतं, "दादा, हे शब्द मी पाठ केलेत, मार्कही मिळालेत, पण हे नेमकं दिसतं कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एका सोप्या प्रश्नापासून सुरुवात करू.

बांबू हे झाड आहे की गवत?

शाळेत शिकलो ते आठवा. बांबू गवताच्या कुळातला आहे. ऊस, ज्वारी, गहू यांचा तो उंच वाढलेला भाऊबंद. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात केली होती. आता तुम्ही म्हणाल, कायद्यात काय का लिहिलेलं असेना, बांबूला काय फरक पडतो? बांबूला नाही पडत. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाला फार मोठा फरक पडला. त्या एका शब्दावर गावाची कमाई अडून राहिली होती.

आधी गाव ओळखू

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कठाणी नदीच्या जवळ, मेंढा नावाचं गाव आहे. शेजारच्या लेखा गावासोबत नाव घेतात म्हणून बाहेर ते 'मेंढा-लेखा' म्हणून ओळखलं जातं. गोंड आदिवासींची वस्ती, साधारण शंभर घरं, पाचशेच्या आसपास माणसं. आणि गावाभोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल, म्हणजे जवळपास साडेचार हजार एकर. बांबू, मोह, तेंदू, हिरडा, बेहडा, चारोळी, मध. आपला बाजार जसा चौकात असतो, तसा यांचा बाजार, दवाखाना आणि बँक सगळं त्या जंगलात.

अडचण एवढीच की ते जंगल कागदावर त्यांचं नव्हतं. इंग्रजांनी १८६४ साली वन खातं काढलं, पुढच्या वर्षी पहिला वन कायदा आला, १८७८ साली तो आणखी कडक झाला, आणि १९२७ चा कायदा तर आजही चालू आहे. जंगल सरकारचं झालं. जे पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहत होते, ते स्वतःच्याच अंगणात चोर ठरले. स्वातंत्र्यानंतरही यात फारसा बदल झाला नाही. बांबू तोडायचा हक्क कागद कारखान्याला मिळायचा, आणि गावातल्या माणसाने कुंपणासाठी चार काठ्या आणल्या तर त्याला जाब विचारला जायचा.

ऐंशीच्या दशकात या भागात दोन मोठी धरणं येणार होती, गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम. कितीतरी गावं आणि प्रचंड जंगल पाण्याखाली गेलं असतं. आदिवासी नेते लाल श्याम शाह, बाबा आमटे आणि इथली गावं मिळून 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, आणि ती धरणं बारगळली. मेंढ्याचे लोक त्या आंदोलनात होते. तिथून परतताना त्यांच्या मनात एक साधा विचार होता: आपण धरण थांबवू शकतो, तर आपल्या गावाचे निर्णय आपण का घेऊ शकत नाही?

याच काळात गावाने घोटूल बांधायचं ठरवलं. घोटूल म्हणजे गोंड समाजात तरुण मुलामुलींनी एकत्र यायचं, शिकायचं, नाचायचं घर. त्यासाठी जंगलातून लाकूड आणलं. वन खात्याने ते बांधकाम मोडलं आणि लाकूड जप्त केलं. पण आसपासची गावं मेंढ्याच्या बाजूने उभी राहिली, घोटूल पुन्हा उभं राहिलं, आणि या वेळी खात्याला माघार घ्यावी लागली.

या सगळ्या प्रवासात दोन नावं सारखी येतात. गावातले देवाजी तोफा, आणि त्यांच्यासोबत अभ्यासक-कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल. आणि एक घोषणा येते, जी महाराष्ट्रभर गाजली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

ही घोषणा नीट ऐका. 'आम्हाला सरकार नको' असं त्यात कुठेही नाही. वरचं सरकार आमचंच आहे, आणि गावातलं सरकारही आम्हीच आहोत, असं तिचं म्हणणं आहे.

ठराव कसा होतो?

आता आपण जरा पाठ केलेल्या व्याख्येकडे येऊ. 'गव्हर्नन्स' हा शब्द विकासाच्या चर्चेत जोरात आला तो १९८९ नंतर. जागतिक बँकेने आफ्रिकेवरच्या एका अहवालात लिहिलं की तिथल्या अडचणींच्या मुळाशी कारभाराचं संकट आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सुशासनाची आठ लक्षणं सांगितली: लोकांचा सहभाग, कायद्याचं राज्य, पारदर्शकता, प्रतिसाद, सहमती, समन्याय, परिणामकारकता आणि उत्तरदायित्व. 'शाश्वत विकास' ही कल्पना जगभर पोचली १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालामुळे. आजची गरज भागवायची, पण उद्याच्या पिढीची गरज भागवायची ताकद संपवायची नाही, हे तिचं सार.

यादी पाठ करायची गरज नाही. मेंढ्याची ग्रामसभा कशी चालते ते बघितलं की यातलं बरंचसं आपोआप समजतं.

पहिली गोष्ट, तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. हात वर करा, मोजा, जिंकलो, असा प्रकार नाही. कोणाचा विरोध असेल तर त्याचं म्हणणं ऐकायचं, गरज पडली तर विषय पुढच्या बैठकीवर ठेवायचा. तुम्ही म्हणाल, याने तर काम रेंगाळेल! रेंगाळतंच. पण जंगलाच्या बाबतीत विचार करून बघा. समजा ५१ लोक म्हणाले, सगळा बांबू यंदाच तोडून विकू, आणि ४९ म्हणाले नको. बहुमताने बांबू तुटला, तर तो ४९ जणांचाही तुटला. आणि ज्यांचा विरोध दाबला गेला, ते उद्या त्या जंगलाची राखण कशाला करतील? सगळ्यांनी मिळून केलेला नियम मोडताना माणूस दहादा विचार करतो. दुसऱ्याने लादलेला नियम मोडताना तो फक्त इकडेतिकडे बघतो.

दुसरी गोष्ट, अभ्यास गट. ग्रामसभेत निर्णय होतो, पण त्याच्या आधी गावात अभ्यास गट बसतो. एखादा कायदा काय म्हणतो, बांबू कसा वाढतो, योजनेत काय अट आहे, यावर चर्चा. बाहेरचे जाणकार आणि अधिकारी यांनाही बोलावतात. पण बाहेरच्याने माहिती द्यायची, निर्णय गावाने घ्यायचा. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. निर्णय आधीच झालेला असतो आणि सही करायच्या दिवशी आपल्याला माहिती मिळते.

तिसरी गोष्ट, बायकांचा आवाज. गावातली दारू बंद व्हावी हा विषय बायकांनी लावून धरला आणि गावाने दारूबंदी केली. रात्री घरात काय होतं याचा हिशेब ज्याला द्यावा लागतो, तो माणूस बैठकीत बसला की विषयपत्रिका बदलते.

मग बांबू विकायचा कोणी?

आता परत आपल्या गवताच्या आणि झाडाच्या भानगडीकडे.

१९९६ साली पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना गौण वनउपजावर मालकी द्यायची, असं त्यात होतं. गौण वनउपज म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं बाकीचं. पण बरीच वर्षं ते कागदावरच राहिलं. मग २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच आदिवासी आणि वनवासी समाजावर ऐतिहासिक अन्याय झाला असं सरकारने मान्य केलंय. या कायद्यात व्यक्तीला शेतजमिनीचा हक्क मिळतो, तसाच अख्ख्या गावाला जंगलावर सामूहिक हक्कही मिळतो. जंगल वापरायचा आणि ते राखायचाही.

मेंढ्याने दावा केला. २००९ साली सामूहिक वनहक्काची मान्यता मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते आलं.

झालं, सुटला प्रश्न! असं वाटलं असेल ना? पण खरी परीक्षा इथून पुढे होती. गावाने ठरवलं की आता बांबू आपण विकू. बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला सगळे 'टीपी' म्हणतात. टीपी नसेल तर नाक्यावर गाडी अडते आणि माल चोरीचा ठरतो. तो परवाना द्यायचा कोणी? वन खात्याने. आणि खातं म्हणालं, तुम्हाला हक्क गौण वनउपजावर आहे. बांबू तर कायद्याने झाड आहे. झाड म्हणजे लाकूड. लाकूड तुम्हाला विकता येणार नाही.

गंमत बघा. २००६ च्या कायद्यात गौण वनउपजाच्या व्याख्येत 'बांबू' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. पण जुन्या कायद्यातला जुना शब्द आणि टेबलावरचा शिक्का, दोन्ही खात्याकडे. म्हणजे हक्क गावाचा, पण पावतीपुस्तक दुसऱ्याच्या खणात.

गाव मागे हटलं नाही. पत्रव्यवहार, बैठका, पाठपुरावा चालू राहिला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहून कळवलं की बांबू गौण वनउपज आहे आणि ग्रामसभांचा त्यावर हक्क आहे. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासोबत मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

एक पुस्तक. दिसायला किराणा दुकानातल्या पावतीपुस्तकासारखं. पण त्या दिवसापासून बांबूच्या गाडीवर ग्रामसभेची सही चालायला लागली. ग्रामसभेने स्वतः गिऱ्हाईक शोधलं, दर ठरवला, तोडणाऱ्यांची मजुरी ठरवली आणि पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून काढायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं.

म्हणून मी म्हणतो, सुशासन कुठे दिसतं असं कोणी विचारलं तर भाषणात शोधू नका. सही कोणाची चालते आणि पुस्तक कोणाच्या खणात आहे, ते बघा.

पण लोक सगळंच तोडून टाकतील ना?

हा प्रश्न हमखास येतो. जंगल लोकांच्या ताब्यात दिलं तर ते एका वर्षात साफ होईल, ही भीती फार जुनी आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक लेख खूप गाजला. त्याचं म्हणणं असं: सगळ्यांचं कुरण असेल तर प्रत्येक जण आपली एक गाय जास्त चरायला सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरणच संपतं. त्यावर उपाय दोनच, एकतर सरकारने ताब्यात घ्यावं, नाहीतर खाजगी करावं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी नेपाळचे पाट, स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची जंगलं अशी खरीखुरी उदाहरणं अभ्यासली आणि दाखवलं की माणसं एकमेकांशी बोलतात, नियम करतात, पाळतात आणि शेकडो वर्षं सामायिक गोष्टी टिकवतात. पण त्याला काही अटी आहेत. हद्द स्पष्ट हवी. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत. राखण त्यांनीच करायला हवी. चुकलं तर शिक्षा लहानापासून सुरू होऊन वाढत जाणारी हवी. आणि वरच्या सरकारने त्यांचा नियम करायचा हक्क मान्य करायला हवा. या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या विषयातल्या पहिल्या महिला. साल कोणतं? २००९. ज्या वर्षी मेंढ्याला वनहक्क मिळाला तेच.

बांबूला या अटी लावून बघू. बांबू एकेकटा उगवत नाही, त्याचं बेट असतं. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब येतात, त्यांनाच विदर्भात वास्ते म्हणतात, भाजीही करतात. यंदाचा कोवळा बांबू तोडला तर बेट कमजोर होतं. पक्का झालेला ठरावीक बांबू काढला आणि बाकीचा ठेवला, तर बेट वर्षानुवर्षं देत राहतं. ठेकेदाराचा माणूस एक हंगाम येतो. त्याला टनावर पैसे मिळतात. पुढच्या वर्षी कोंब आले की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गावातल्या माणसाला पुढच्या वर्षीही त्याच बेटाकडे जायचंय. मेंढ्याचे लोक जंगलात पाळीपाळीने गस्त घालतात, कारण चोरी झाली तर ती त्यांच्याच खात्यातून झाली.

माणसं गावात जन्मतात म्हणून चांगली होतात, असा याचा अर्थ नाही. उद्याचा तोटा ज्याला सोसायचाय, आजचा निर्णय त्याच्या हातात असेल, तर तो जपून निर्णय घेतो. माझ्या मते सुशासन आणि शाश्वत विकास हे दोन शब्द एकत्र का येतात, त्याचं कारण हेच आहे.

पाचगावचा तेंदू

अजून एक उदाहरण सांगतो, कारण ते ऐकून मी स्वतः थांबलो होतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. २०१२ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे हजार हेक्टर. तिथेही बांबू हे मुख्य उत्पन्न. पण तेंदूपत्त्याच्या बाबतीत गावाने वेगळंच ठरवलं.

तेंदूपत्ता म्हणजे विडीचं पान. उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत रोख पैसा देणारी वस्तू. पण कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून तेंदूची छाटणी करतात, जंगलात आगी लावल्या जातात. आगीत रोपटी जळतात, पक्ष्यांची घरटी जातात, आणि झाडाला टेंभरं धरत नाहीत. पाचगावने बसून हिशेब केला आणि तेंदूपत्ता तोडायचं बंद केलं. तेंदूची फळं माणसांनी आणि पाखरांनी खावीत, असं ठरलं. शिवाय जंगलाचा काही उत्तम भाग, साधारण ३४ हेक्टर, हातच लावायचा नाही असा राखून ठेवला.

हातचा पैसा सोडायला हिंमत लागते, पण नुसती हिंमत पुरत नाही. पाचगावला हे परवडलं कारण बांबूचं उत्पन्न त्यांच्या हातात होतं. ज्याच्या घरी संध्याकाळच्या चुलीची चिंता आहे त्याला 'पुढच्या पिढीचा विचार कर' असं सांगणं सोपं नसतं, आणि योग्यही नसतं. आधी पोट, मग उद्या. गरीब देशात शाश्वत विकासाची गाठ ही इथे आहे.

मग सगळीकडे असं का होत नाही?

खरं बोलू. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेली गावं शेकड्याने आहेत, आणि महाराष्ट्र या बाबतीत देशात पुढे आहे. पण प्रत्येक गाव मेंढा झालेलं नाही.

एक तर हक्काचा कागद मिळाला तरी हिशेब ठेवायची सवय एका दिवसात येत नाही. निविदा, करार, बँक, कर, हे सगळं शिकावं लागतं. जिथे गाव शिकलं नाही, तिथे जुना ठेकेदार नव्या सहीने परत येतो. दुसरं, सर्वसहमतीलाही धोका असतो. दहा मोठ्या आवाजांपुढे गप्प बसलेली बाई 'सहमत' मोजली जाऊ शकते. म्हणूनच वनहक्काच्या नियमांत २०१२ साली अट आली, की ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. तिसरं, ग्रामसभा एकटी काही करू शकत नाही. टीपीचं पुस्तक वरून यावं लागलं, हे विसरू नका. तहसीलपासून मंत्रालयापर्यंत कुणीतरी कायदा प्रामाणिकपणे वाचला तरच खालचा ठराव चालतो.

आणि चौथं, सगळ्यात अवघड. याच गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालू आहे. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी तिला विरोध केला. दुसऱ्या बाजूला रोजगार, रस्ते, कारखाना यांची आशा असलेली तरुण मुलंही त्याच जिल्ह्यात आहेत. बांबू परत उगवतो. डोंगर परत उगवत नाही. पण नोकरी हवी असणाऱ्या पोराला हे वाक्य ऐकवून भागत नाही. इथे सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र म्हणेन, की ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबाबत एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा असं सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तो नकार पाळलाही गेला. हो किंवा नाही, जे काही असेल ते आधी विचारून झालं तर त्याला निर्णय म्हणता येतं. झाल्यावर विचारलं तर ती फक्त औपचारिकता.

आता माझ्या गावची गोष्ट

सांगायला थोडी लाज वाटते, पण मी पहिल्यांदा ग्रामसभेला गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. म्हणजे सहा वर्षं मी सदस्य होतो आणि मला माहीतच नव्हतं. मतदार यादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. निवडून यावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही.

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात वीसेक माणसं होती. सभा कोरमअभावी तहकूब झाली. मला वाटलं, चला, आता पुढच्या वेळी जास्त लोक बोलावतील. शेजारचे काका हसले. म्हणाले, "अरे, तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही." आणि तसंच झालं. पुढची सभा मोजक्या लोकांत झाली, रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या, पंधरा मिनिटांत वर्षाचा आराखडा मंजूर. कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. सगळं नियमातच होतं. आम्हीच नव्हतो.

महाराष्ट्रात ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात फक्त शंभर माणसं! लग्नाच्या पंगतीला याहून जास्त येतात.

तर मेंढ्याहून आपल्या गावाकडे येताना या चार गोष्टी सोबत घेऊन या.

पहिली, तारखा. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. मोबाईलमध्ये आत्ताच रिमाइंडर लावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. घरी आईला, बहिणीला विचारा, ती झाली होती का?

दुसरी, हिशेब. ई-ग्रामस्वराज नावाचं सरकारी पोर्टल आणि ॲप आहे. त्यात आपलं राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आराखड्यात कोणती कामं आहेत आणि किती खर्च झाला ते दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. आपल्या गावात तो कशावर गेला, बघायला पाच मिनिटं लागतात. रील बघून झाल्यावर बघा हवं तर.

तिसरी, अभ्यास गट. चार मित्र, एक विषय, एक रविवार. गावच्या विहिरींची पातळी, कचरा, गायरान, काहीही. सभेत उभं राहून आरडाओरडा करण्यापेक्षा हातात माहिती असली की आवाज आपोआप ऐकू जातो. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

चौथी, प्रोसिडिंग. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. आपला मुद्दा इतिवृत्तात लिहिला गेला का, हे सही करायच्या आधी वाचा. कोऱ्या पानावर सही करू नका, अगदी सरपंच आपल्या नात्यातले असले तरी.

शहरातले मित्र म्हणतील, आमचं काय? तुमचं दुखणं वेगळं आहे. गावाला निदान ग्रामसभा आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार बघत होते. नाले साफ झाले असतील किंवा नसतील, पण कोणाला विचारायचं हेच ठरलेलं नव्हतं. शहरांच्या ग्रामसभेबद्दल एक वेगळा भाग करायचा विचार आहे.

जाता जाता

मेंढा गाव २०११ ला थांबलं नाही. २०१३ साली गावाने सर्वसहमतीने ठरवलं की १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायची. म्हणजे कसायची ज्याची त्यानेच, पण बाहेरच्याला विकायची नाही. एकट्यादुकट्याला अडचणीत गाठून जमीन घेता येऊ नये, म्हणून अख्ख्या गावाने एकमेकांचा हात धरला. हे सगळ्या गावांनी करावं का? माहीत नाही. पण त्यांनी ते बसून, बोलून, समजून ठरवलं.

आपला देश विकसनशील आहे, म्हणजे आपल्याकडे पैसे कमी आहेत, असं आपण म्हणतो. काही अंशी ते खरंय. पण मेंढ्याला पैसा नंतर मिळाला. आधी त्यांनी गोल करून बसायची सवय लावली. त्या सवयीला पैसे लागले नव्हते, वेळ मात्र बराच गेला, जवळजवळ पंचवीस वर्षं.

तर मंडळी, या वेळचा गृहपाठ: तुमच्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली, त्यात किती लोक होते आणि एक तरी ठराव कोणता झाला, एवढं शोधून काढा. घरी फोन लावा, ग्रामसेवकांना विचारा, नोटीस बोर्डाचा फोटो मागवा. आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवणार आहे, चांगली आणि वाईट दोन्ही.

तोपर्यंत काळजी घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.